ताराराणी ते हेरवाड : नवऱ्यामागचं आयुष्य आणि कोल्हापूर



आज इथे येताना तुमच्यापैकी निम्मे लोक तरी कावळा नाक्यावरून आला असाल. तिथे घोड्यावर बसलेल्या, हातात तलवार घेतलेल्या ताराराणींचा पुतळा आहे. आपण रोज तिथून जातो, पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. पण तो पुतळा एका विधवेचा आहे, असं आपल्या मनात कधी येतं का? येत नाही. आणि त्याच पुतळ्यासमोरून एखादी बाई शेजारच्या घरी हळदीकुंकवाला निघाली आणि तिचा नवरा वारलेला असेल, तर मात्र हे आपल्याला लगेच आठवतं. आजचं माझं बोलणं या विसंगतीबद्दल आहे. नवरा गेल्यावर बाईला पुन्हा उभं राहायला नेमकं काय लागतं, आणि ते तिला कोणी दिलं, कोणी दिलं नाही, हे आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात बघू.

सुरुवात 1700 सालापासून करू. मार्च महिन्यात सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराज वारले. ताराराणींचं वय तेव्हा पंचविशीच्या आसपास. औरंगजेब स्वतः दख्खनेत तळ ठोकून बसलेला, किल्ले एकामागून एक जात होते. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. राजाराम महाराजांच्या राण्यांपैकी अंबिकाबाई विशाळगडावर सती गेल्या. ताराराणींनी मुलाला गादीवर बसवून कारभार हातात घेतला आणि पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, लढा चालू ठेवला. तिसऱ्या राजसबाई. त्यांनी पुढे 1714 साली पन्हाळ्यावर ताराराणींनाच कैदेत टाकलं आणि आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं. नवरा एकच, दुःख एकच, पण तिघींच्या वाटा तीन.

हा फरक कशाने पडला? आपण पटकन म्हणतो, ताराराणी कर्तबगार होत्या. होत्याच. पण त्यांच्याजवळ मुलगा होता, मुलाच्या नावाने हक्क सांगता येत होता, रामचंद्रपंत अमात्य आणि धनाजी जाधव यांच्यासारखी माणसं लढत होती. कर्तबगारीला टेकायला जागा होती. साध्या घरातल्या बाईकडे कर्तबगारी कमी असते असं नाही हो, टेकायची जागा नसते.

मग साध्या घरातल्या बाईचं काय होत होतं? आपल्याकडे एक गैरसमज आहे की विधवेचं लग्न ही गोष्ट इंग्रजांच्या काळातल्या सुधारकांनी आणली. तसं नाही. कुणबी आणि इतर कष्टकरी जातींत ‘पाट’ लावायची रीत जुनीच होती. काही भागांत त्याला ‘म्होतूर’ म्हणतात. शेतावर हात लागायचे, पोरं सांभाळायची होती, त्यामुळे समाजाने वाट ठेवली होती. मात्र त्या पाटाकडे बघायची नजर पाहा. पहिलं ते लग्न, दुसरा तो पाट. पाट बहुतेक रात्रीचा लागायचा, सवाष्णींच्या नजरेआड, वाजंत्री नाही, मांडव नाही. म्हणजे संसार करायला परवानगी होती, पण मान नव्हता. आणि ब्राह्मण घरांत, तसंच स्वतःला कुलीन म्हणवणाऱ्या मराठा घरांत तर एवढीही वाट नव्हती. जसजसं एखादं घर वर चढायचं, तसतसा पाट बंद व्हायचा. घराची प्रतिष्ठा वाढली की त्या घरातल्या विधवेची कोंडी वाढायची, असा हा हिशेब होता.

1856 साली इंग्रज सरकारने विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. त्यात एक मेख होती. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. म्हणजे बाईने निवड करायची, भाकरी की सोबत. पुढे पुण्यात पंडिता रमाबाईंनी, धोंडो केशव कर्व्यांनी जे केलं ते आपल्याला माहीत आहे. कर्व्यांनी 1893 मध्ये स्वतः एका विधवेशी लग्न केलं, आणि तरी 1896 मध्ये जी संस्था काढली ती विधवांना शिकवण्यासाठी. लग्नाने एका बाईची सोय होते, शिक्षणाने बाई स्वतःची सोय करते, एवढा साधा विचार त्यामागे होता, असं मला वाटतं.

आता कोल्हापूर. 1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाची नोंद करण्याचा कायदा केला. पुढे 1919 मध्ये आंतरजातीय विवाह, काडीमोड आणि स्त्रियांचा छळ यांबद्दलचे कायदेही आले. पाटाला रात्रीच्या अंधारातून काढून सरकारी दप्तरात आणणं, हे काही लहान काम नव्हतं. दप्तरात नोंद झाली की उद्या भावकीला ‘ही आमची कोणी लागत नाही’ असं म्हणता येत नाही.

आणि या कायद्याला वर्षही झालं नव्हतं, तोच ही वेळ महाराजांच्या स्वतःच्या घरावर आली. त्यांचे धाकटे चिरंजीव, राजकुमार शिवाजी, जून 1918 मध्ये डुकराच्या शिकारीत अपघाताने गेले. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मागे राहिल्या इंदुमती, सासवडच्या जगतापांच्या कन्या. वयाची बारा वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती.

आता तुम्ही विचाराल, की कायदा करणाऱ्या राजाने सुनेचा पुनर्विवाह लावला का? नाही. हे इतिहासात स्वच्छ सांगितलं पाहिजे, आपण महाराजांचे कितीही भक्त असलो तरी. राजघराण्याच्या रीतीची ती भिंत त्यांनीही ओलांडली नाही. पण त्यांनी जे केलं तेही तितकंच स्वच्छ सांगायला हवं. घरातून विरोध असताना त्यांनी या मुलीला वाड्याच्या कोपऱ्यात बसू दिलं नाही. सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. एकटीला शिक्षक लावून दिला असता तरी चाललं असतं, पण बरोबर शिकायला वेगवेगळ्या घरच्या मुली ठेवल्या. ही बाब मला फार मोलाची वाटते. ज्याचं पोर गेलं आहे असा बाप आपलं दुःख बाजूला ठेवून विचार करतो, की या मुलीला पुस्तक लागेल आणि पुस्तकाबरोबर मैत्रिणीही लागतील.

6 मे 1922 रोजी महाराज गेले. इंदुमतीदेवी तेव्हा पंधरा वर्षांच्या. पाठीराखाच गेला. तरी त्या 1925 मध्ये मॅट्रिक झाल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग्ज कॉलेजात जाऊन डॉक्टर व्हायचं, असा बेत होता; तो तडीला गेला नाही. इथे त्यांची गोष्ट संपली असती. अशा किती गोष्टी मॅट्रिकलाच संपलेल्या असतील! पण 1954 मध्ये त्यांनी कोल्हापुरात बायकांसाठी ‘ललित विहार’ ही संस्था सुरू केली, मुलींच्या शाळेसाठी आणि गृहशास्त्र महाविद्यालयासाठी झटल्या. 1971 साली त्या वारल्या. आपल्याला जे अर्धंच मिळालं, ते दुसऱ्यांना पुरतं मिळावं, अशी ती धडपड दिसते.

आता उडी मारून आजच्या काळात येऊ, म्हणजे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडला. 4 मे 2022. शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस होते. हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. सरपंच होते सुरगोंडा पाटील. ठराव मांडला एका बाईने आणि अनुमोदन दिलं दुसऱ्या बाईने. यामागे करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांची मोहीम होती. त्यांनी स्वतः स्टँप पेपरवर लिहून दिलं होतं, की माझ्या मृत्यूनंतर माझ्या बायकोवर या प्रथांची सक्ती करू नये. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनेही तसाच ठराव केला. हे तेच माणगाव, जिथे 1920 च्या परिषदेत शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले होते. आणि 17 मे रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

काही जण म्हणाले, बांगडी राहिली म्हणून पोट भरतं का? प्रश्न रास्त आहे. पण माझ्या लहानपणाची एक गोष्ट सांगतो. माझी एक आत्या होती. ऐन तिशीत नवरा गेला. संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू असायचं. तिळाचे लाडू तिनेच वळलेले, वाणाची ताटं तिनेच लावलेली. बायका यायला लागल्या की ती स्वयंपाकघरात जायची आणि दार लोटून घ्यायची. कोणी तिला जा म्हणायचं नाही. थांब असंही कोणी म्हणायचं नाही, आणि त्यात आम्ही सगळे आलो. पुढे तिच्या वाटणीच्या शेताचा विषय निघाला, तेव्हा घरातल्या बैठकीत तिला कोणी विचारलं नाही. मला खूप उशिरा कळलं, की हे एकच दार होतं. जी बाई चार बायकांत बसू शकत नाही, ती चार पुरुषांसमोर सातबारा कुठे मागणार?

कायद्याने तिचा हक्क होता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा ही मुलांच्या बरोबरीची वारस आहे आणि तिचा वाटा पूर्ण मालकीचा आहे. पण तलाठ्याकडे वारसनोंद करायला जावं लागतं, फेरफार बघावा लागतो, भावकी ‘बहिणीसारखी सांभाळू की’ म्हणून कागदावर सही मागते तेव्हा नाही म्हणावं लागतं. कोरोनात हे फार जवळून दिसलं. किती तरण्या बायका एका आठवड्यात एकट्या पडल्या. शासनाने 2021 मध्ये ‘मिशन वात्सल्य’ आणलं, तालुक्याला तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या. पण समितीपर्यंत जायला घराचा उंबरा ओलांडावा लागतो, आणि पुष्कळ घरांत तो ओलांडू दिला जात नाही.

म्हणून हा सगळा इतिहास बघितल्यावर मला तीन गोष्टी दिसतात. कागद, काम आणि माणसं. कागद म्हणजे नावावरचा हक्क. काम म्हणजे स्वतःची मिळकत, मग ती शिलाईची असो, दोन म्हशींची असो, नाहीतर नोकरी असो. आणि माणसं, म्हणजे जिथे तिला नेहमीसारखं बोलावलं जातं अशी चार घरं. 1856 च्या कायद्याने एक देऊन दुसरं काढून घेतलं. पाटाने संसार दिला, मान दिला नाही. सोनतळीला पुस्तक आणि मैत्रिणी एकदमच मिळाल्या, म्हणून ती मुलगी पुढे संस्था उभी करू शकली.

हेरवाडचा ठराव पुरेसा आहे का? नाही. नुसत्या ठरावाने घरातली सासू, जाऊ, नणंद बदलत नाही. पण दहाव्याच्या दिवशी बांगड्या फोडायला पुढे झालेल्या हाताला ‘गावाने ठरवलंय, थांबा’ असं सांगायला एक आधार झाला. ज्या बाईला तेव्हा स्वतः बोलायचं त्राण नसतं, तिच्या वतीने गाव बोलतं.

आता संक्रांत येईल. तुमच्या गल्लीत, तुमच्या अपार्टमेंटमध्ये अशी एक तरी बाई असेलच. तिच्या घरी जाऊन बोलावणं करा. फोनवर नको, जाऊन करा. ती पहिल्यांदा नाही म्हणेल, कारण तिला तशी सवय लागलेली असते. दुसऱ्यांदा जा. आणि आली की दाराजवळ नको, मधोमध बसवा. मग वारसनोंद झाली का, पेन्शनचे कागद कुठवर आले, हे आपोआप निघतं बोलण्यात.

माझ्या आत्याला आम्ही कधी बोलावलं नाही. ती आता नाही. तुम्हाला अजून बोलावता येईल.