हेडफोनचीं दोन कुळें

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ऋषींच्या बाबतींत ती खुशाल पाळावी. यंत्रांच्या बाबतींत मात्र ती पाळून चालत नाहीं. यंत्राचें कूळ ज्यास ठाऊक नाहीं त्यास त्याचे गुणही नीट कळत नाहींत आणि दोषही. मग दुकानदार म्हणेल ती पूर्वदिशा मानण्यावांचून त्यास गत्यंतर उरत नाहीं. काँप्युटरवर खेळ खेळणारा व त्याच काँप्युटरवर गाणें ऐकणारा तरुण आज नेमका या स्थितींत सांपडला आहे. कोणता हेडफोन घ्यावा, त्यास निराळा अॅम्प्लिफायर जोडावा कीं नाहीं, खेळासाठीं एक व संगीतासाठीं दुसरा अशीं दोन बिऱ्हाडें करावीं कीं एकावरच भागवावें, हे प्रश्न विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. वर्षाकाठीं त्यांच्या हातीं जे काय चार पैसे शिल्लक पडतात, ते बहुतेक या एका वस्तूंत जाणार असल्यामुळें प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्याचें उत्तर आमच्या मतें जाहिरातींत नसून इतिहासांत आहे. तो इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हेडफोनचा मूळपुरुष टेलिफोन. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यास ७ मार्च १८७६ रोजीं त्याचें पेटंट मिळालें. पुढें लवकरच जो रिसीव्हर रूढ झाला त्यांत एक चुंबक, त्यावर तारेचें वेटोळें आणि समोर लोखंडाचा पातळ पडदा, एवढाच संसार होता. अशा पडद्याची स्वतःची एक नैसर्गिक कंपनगति असते; तिच्या आसपासचे स्वर तो फुगवितो आणि बाकीचे दाबून टाकतो. माणसाचें बोलणें समजण्यास एवढें पुरतें, सतारीची आंस ऐकण्यास पुरत नाहीं. परंतु टेलिफोनच्या कचेरींत बसलेल्या ऑपरेटरास सतार ऐकावयाची नव्हती. त्यास कोणाची तार कोणास जोडावयाची एवढेंच ऐकावयाचें होतें, आणि तेंही दोन्ही हात मोकळे ठेवून. म्हणून रिसीव्हर अंगावर वागविण्याची व पुढें डोक्यास बांधण्याची युक्ति निघाली. मोठ्या हेडफोनच्या टोकास आजही जो पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा प्लग दिसतो, तो त्या स्विचबोर्डाचाच वारसा होय.

या कुळांतील पहिला मोठा कारागीर म्हणजे अमेरिकेंतील युटा येथील नॅथॅनिएल बाल्डविन. १९१० सालीं त्यानें आपल्या हेडफोनचा नमुना अमेरिकन आरमाराकडे पाठविला. आरमाराच्या बिनतारी खात्यास दूरच्या जहाजाचा क्षीण संदेश पकडावयाचा असे, आणि बाल्डविनचें यंत्र बाहेरच्या विजेची मदत न घेतां अत्यंत बारीक प्रवाहासही दाद देई. परीक्षा घेतांच अधिकाऱ्यांची खात्री पटली व मागणी आली. परंतु गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरांत बसून हेडफोन तयार करीत असल्यामुळें एका वेळीं दहांहून अधिक देण्याची त्याची ऐपत नव्हती! या कुळास आम्ही वार्तेचें कूळ म्हणतों. काय घडलें, कोठें घडलें व किती त्वरेनें कळलें, हाच याचा धर्म.

दुसरें कूळ याहून रसिक. १८८१ सालीं पॅरिस येथें विजेचें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें होतें. क्लेमाँ आदेर या फ्रेंच शोधकानें ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेस मायक्रोफोन मांडले, त्यांच्या तारा प्रदर्शनापर्यंत आणल्या आणि प्रत्येक श्रोत्याच्या हातीं दोन रिसीव्हर दिले. दोन्ही कानांस निरनिराळ्या जागचे मायक्रोफोन जोडले असल्यामुळें एक चमत्कार घडला: गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे चालूं लागला कीं डोळे मिटून बसलेल्या श्रोत्यासही तें चालणें ऐकूं येऊं लागलें. आज ज्यास आपण स्टिरिओ म्हणतों, त्याचा हा पहिला जाहीर प्रयोग. यांतूनच १८९० सालीं पॅरिसमध्यें थिएट्रोफोनची कंपनी निघाली. हॉटेलांतील यंत्रांत ५० सांतीम टाकावे आणि ५ मिनिटें नाटक ऐकावें, अशी सोय झाली. लंडनमध्यें १८९५ सालीं इलेक्ट्रोफोन नांवाची अशीच संस्था सुरू झाली. या कुळाचा धर्म रस. परंतु रसिकतेस बळाची जोड नव्हती. मायक्रोफोनांतून निघालेला प्रवाह वाटेंत वाढविण्याचें साधनच उपलब्ध नसल्यामुळें श्रोत्याच्या कानीं पडे तो गायनाचा एक कृश अवशेष.

तें साधन विसाव्या शतकाच्या आरंभीं निघालें. फ्लेमिंगनें १९०४ सालीं दोन विद्युदग्रांची निर्वात नळी तयार केली. तींत ली डी फॉरेस्टनें १९०६ सालीं जाळीचें तिसरें अग्र घातलें. जाळीवरील लहानसा दाब मोठ्या प्रवाहास आवरूं शकतो, म्हणजेच क्षीण ध्वनि बळकट करतां येतो, ही गोष्ट १९१२ च्या सुमारास स्पष्ट झाली, आणि अॅम्प्लिफायरचा जन्म झाला. येथें इतिहासानें एक थट्टा केली. ज्या अॅम्प्लिफायरनें हेडफोनचें दैन्य हरण करावयाचें, त्यानेंच प्रथम त्यास घराबाहेर काढलें. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें, त्या काळीं साध्या स्फटिकाच्या रेडिओवर ऐकणाऱ्यास हेडफोनवांचून दुसरा उपाय नसे. परंतु अॅम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर स्वस्त होतांच सबंध घर एकत्र बसून ऐकूं लागलें व हेडफोन पुनः ऑपरेटर, वैमानिक आणि सैनिक यांच्याकडे, म्हणजे आपल्या पहिल्या कुळांत परतला.

रसाच्या कुळाचें पुनरुज्जीवन जर्मनींत झालें. बर्लिन येथील ऑयगेन बायर याच्या कारखान्यानें १९३७ सालीं डीटी ४८ हा हेडफोन काढला. त्यांत लोखंडी पडदा नव्हता. हलक्या पडद्यास तारेचें वेटोळें चिकटवून तें चुंबकाच्या क्षेत्रांत हालतें ठेवलें होतें. १९५८ सालीं अमेरिकेंतील मिल्वॉकी येथें जॉन कॉस यानें गाण्याच्या तबकड्या स्टिरिओंत ऐकण्यासाठीं हेडफोन पुढें आणला आणि घरगुती श्रोता प्रथमच याचा खरा गिऱ्हाईक झाला. १९६८ सालीं सेनहायझरच्या एचडी ४१४ नें पाठीमागचें कवच उघडें ठेवलें, त्यामुळें ध्वनि डबींत कोंडल्यासारखा न वाटतां मोकळा वाटूं लागला. शेवटीं १ जुलै १९७९ रोजीं सोनीचा वॉकमन जपानी बाजारांत आला, आणि संगीत रस्त्यावर चालूं लागलें.

ही वंशावळ आम्ही हौसेखातर सांगितली नाहीं. अॅम्प्लिफायर घ्यावा कीं नाहीं, याचें उत्तर तींतच दडलेलें आहे. विद्युत्प्रवाहास हेडफोन जो एकंदर विरोध करतो त्यास इंपिडन्स म्हणतात व तो ओहममध्यें मोजतात. बिनतारी काळांतील हेडफोन हजारों ओहमचे असत, कारण त्यांस क्षीण प्रवाहाचा कण न् कण वापरावयाचा असे. स्टुडिओंतील हेडफोन कित्येक शें ओहमचे असत, कारण बारीक तारेचें हलकें वेटोळें त्यांस इष्ट होतें आणि तेथें विजेच्या दाबास तोटा नव्हता. वॉकमनच्या पोटांत मात्र दोनच लहान सेल, म्हणजे अवघे ३ व्होल्ट. त्यांवर चालावयाचें तर इंपिडन्स कमी हवा. तात्पर्य, इंपिडन्स ही श्रेष्ठकनिष्ठतेची खूण नसून, हेडफोन कोणत्या घरीं नांदावयास निघाला होता याची ती खूण आहे.

हें आंकड्यांनींच पहावें. समजा, एक हेडफोन ३०० ओहमचा असून १ मिलिवॅट शक्तीस ९७ डेसिबेल आवाज देतो. संगीतांतील किंवा खेळांतील क्षणिक धडाका ११० डेसिबेलपर्यंत जावा असें वाटल्यास १३ डेसिबेल अधिक, म्हणजे वीसपट शक्ति, २० मिलिवॅट हवी. त्यासाठीं सुमारें २.४५ व्होल्ट लागतात. दुसरा हेडफोन ३२ ओहमचा व १ मिलिवॅटला १०० डेसिबेल देणारा घ्या; त्यास १० मिलिवॅट, म्हणजे सुमारें ०.५७ व्होल्ट पुरतात. काँप्युटरच्या साध्या छिद्रांतून बहुधा एखादा व्होल्टच मिळतो. पहिल्यास अॅम्प्लिफायर घ्यावा, दुसऱ्यास तो प्रायः निरर्थक, हा निर्णय येथें त्रैराशिकासारखा सरळ आहे. आणखी एक गोष्ट पहावी: अॅम्प्लिफायरचा स्वतःचा इंपिडन्स हेडफोनच्या एकअष्टमांशाहून अधिक नसावा. तो अधिक असल्यास दाबाची वांटणी बिघडते, आणि हेडफोनचा इंपिडन्स स्वरागणिक बदलत असेल तर त्याचा मूळ रंगही बदलतो.

आतां काँप्युटरच्या खेळांकडे वळूं. १९८१ सालीं आलेल्या आयबीएमच्या घरगुती काँप्युटरास एक लहानसा स्पीकर होता. त्याची मजल पिपाणीपलीकडे फारशी नव्हती. १९८७ सालीं अॅडलिबचें व १९८९ सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचें साउंड ब्लास्टर हें कार्ड आलें, तेव्हां त्यास कंठ फुटला. १९९८ सालच्या ‘थीफ’ या खेळानें तर ध्वनीसच कथानकाचें सूत्र केलें. फरशीवर पाऊल वाजतें, गालिच्यावर वाजत नाहीं. पहारेकऱ्यास तुमचें पाऊल ऐकूं येतें व तुम्हांस त्याचें. त्याच वर्षीं ऑरिअल कंपनीचें दुसऱ्या पिढीचें व्होर्टेक्स हें साधन ध्वनि भिंतींवर आपटून कसा परततो याचाही हिशेब करीत होतें. क्रिएटिव्हनें तिच्यावर पेटंटाचा दावा लावला. १९९९ सालीं निकाल ऑरिअलच्या बाजूनें लागला, पण खर्चानें ती बुडाली आणि २००० सालीं तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेंच विकत घेतली. पुढें २००७ सालीं बाजारांत आलेल्या विंडोज व्हिस्टानें ध्वनिकार्डास खेळांनीं थेट कामास लावण्याचा जुना मार्ग बंद केला. चांगली वस्तु टिकतेच असें नाहीं, हा धडा यंत्रांच्या इतिहासांतही पुनः पुनः गिरवावा लागतो.

या खेळांस हेडफोनच कां मानवतो, याचें कारण लॉर्ड रॅले यानें १९०७ सालींच सांगून ठेवलें आहे. डावीकडचा ध्वनि डाव्या कानीं आधीं पोंचतो व उजव्या कानीं किंचित् मागाहून. हें अंतर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतें, तरी मेंदु त्यावरून मंद्र स्वरांची दिशा ठरवितो. तार स्वर डोक्याच्या आड अडतात, म्हणून तेथें लहानमोठेपणावरून दिशा कळते. पुढचें, मागचें व वरचें कळण्यास कानाच्या पाळीची घडण साह्य करते. दोन्ही कानांस निरनिराळा ध्वनि पोंचविणारें साधन हाताशीं असलें म्हणजे हा सारा हिशेब काँप्युटरास करून दाखवितां येतो. शत्रूचें पाऊल कोणत्या बाजूस वाजलें, ही शुद्ध वार्ता; परंतु ती कळते पॅरिसच्या त्या ऑपेराश्रोत्यास गायकाचें चालणें कळलें त्याच रीतीनें. जी दोन कुळें शंभरांवर वर्षें वेगळीं नांदलीं, त्यांचा संबंध अखेर या खेळांत जुळला आहे.

म्हणूनच ‘खेळाचा हेडफोन’ आणि ‘संगीताचा हेडफोन’ हा भेद आम्हांस मुख्यतः दुकानांतील फळ्यांवरचा वाटतो. जो हेडफोन तंबोऱ्याच्या दोन तारा वेगळ्या दाखवितो, त्यास दोन पावलें वेगळीं दाखविणें जड नाहीं. बोलण्यासाठीं मायक्रोफोन हवा असल्यास तो निराळा घेतां येतो. खरा भेद उघड्या व बंद कवचाचा. खोली शांत व एकांताची असेल तर उघडा घ्यावा. वसतिगृहांत चौघांत राहणाऱ्यानें बंद घ्यावा, नाहींतर शेजाऱ्याचा अभ्यास व स्वतःचें ऐकणें दोन्ही बिघडेल.

किंमतीविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. २०१७ सालीं जेरोन ब्रेबार्ट या संशोधकानें २८३ हेडफोनांचीं मोजमापें तपासून असें दाखविलें कीं, हेडफोनची स्वरांना मिळणारी दाद आणि त्याची बाजारांतील किंमत यांचा परस्परसंबंध आढळत नाहीं. अॅम्प्लिफायरच्या बाबतींत तर याहून नाट्यमय गोष्ट घडली. २०११ सालीं ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ असें टोपणनांव घेतलेल्या एका अनामिक अभियंत्यानें ओ२ नांवाच्या अॅम्प्लिफायरची सबंध रचना मोजमापांसह जगास मोफत देऊन टाकली. महागड्या अॅम्प्लिफायरांचा मोठेपणा मोजून दाखवा, असा त्याचा आग्रह होता. पुढच्याच वर्षीं त्यानें लिहिणें थांबविलें. तो कोण होता हें त्यानें सांगितलें नाहीं. नांव टाकून काम ठेवणाऱ्या आपल्याकडील जुन्या शिल्पकारांची येथें कोणासही आठवण व्हावी.

एवढें सर्व जमलें, तरी एक साधन असें उरतें कीं ज्याची निवड आपल्या हातीं नसते. तें म्हणजे कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यांत ४० तास ऐकणें निर्धोक आहे. ९० डेसिबेल झाले कीं तेच ४० तास ४ वर येतात. आम्हीं वर ११० डेसिबेलचा हिशेब मांडला तो क्षणिक धडाक्याचा, नित्याच्या पातळीचा नव्हे. बाल्डविनच्या काळीं क्षीण संदेश ऐकण्यासाठीं कान ताणावा लागे. आज अॅम्प्लिफायरची कळ नुसती फिरविली कीं काम होतें, आणि भय आहे तें यांतच. पहारेकऱ्याचें पाऊल अधिक ठळक ऐकूं यावें म्हणून आज जो तरुण ती कळ पुढें सरकवितो, त्यास उद्यां तंबोऱ्याचा सूक्ष्म स्वर ऐकूं येईलच अशी हमी कोणीही देऊं शकत नाहीं. यास्तव आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, इंपिडन्स पहावा, खोली पहावी, मोजमापें पहावीं, मग किंमत विचारावी. आणि हेडफोन घरीं आणल्यावर तो ज्या पातळीवर नीट ऐकूं येतो, तेथेंच हात आवरावा.