विजेचं नाव दगडाला

आभाळातून जळत येते ती उल्का, आणि जळूनही उरतो, जमिनीवर पोचतो तो अशनी. आज ही वाटणी शाळेतली मुलंही सांगतात. पण अशनी हा शब्द मुळात दगडाचा नव्हेच, तो विजेचा. वेदांत तो इंद्राच्या वज्राशी जोडलेला आहे.

सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त उल्कांचे पाच प्रकार सांगितले : धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा. पडता पडता वाढत जाते ती उल्का. मोठा आवाज करत, गरगरत माणसं, हत्ती, घरं, झाडं यांवर कोसळते आणि भुई फाडते ती अशनी. मांडणी शुभाशुभ फळांसाठी केलेली, पण डोळा आणि कान अस्सल निरीक्षकाचे. मात्र वीज अजून याच घरात नांदत होती.

युरोपातही आभाळातून पडणारे दगड गडगडणाऱ्या ढगांतच घडतात, असं अनेक जाणकार मानत. ती समजूत मोडायला काशीजवळच्या एका रात्रीची फार मदत झाली.

१९ डिसेंबर १७९८. रात्रीचे आठ वाजलेले, आभाळ निरभ्र. कित्येक दिवसांत ढगाचा ठिपकाही दिसलेला नव्हता. अचानक आगीचा गोळा उजळला, चांदणं पडावं तसा उजेड झाला आणि पाठोपाठ गडगडाट. क्राखुत गावाच्या परिसरात दगड पडले. त्यांतला सुमारे किलोभराचा एक राखणदाराच्या झोपडीचं छप्पर फोडून चोपलेल्या जमिनीत रुतला. वरून काळं, कडक कवच. फोडला की आत राखाडी, खरबरीत भुगा आणि त्यात बारीक गोल दाणे.

ढगच नाहीत, तर वीज कुठली?

हे दगड लंडनला पोचले. १८०२ साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी त्यांच्यातल्या लोखंडाच्या कणांत निकेल शोधलं, आणि इंग्लंड, इटली, बोहेमिया इथं पडलेल्या दगडांतही तेच निघालं. देश वेगळे, घडण एकच! हे दगड पृथ्वीबाहेरून येतात, असं जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाड्नी यांनी १७९४मध्येच लिहिलं होतं. आता त्याला बळ मिळालं.

पुढे मराठीतही अशनी विजेला सोडून या दगडाचंच नाव झालं.

पण आभाळातून जळत येणारं सगळंच उल्का नसतं. २ एप्रिल २०२२च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भाच्या आभाळात आगीचे लोळ दिसले, तेव्हा अनेकांना उल्काच वाटल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत मात्र धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं : ते अग्निबाणाचे अवशेष होते. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगानं वातावरणात घुसते. पृथ्वीभोवती फिरून खाली येणाऱ्या अवशेषांचा वेग आठच्या आसपास. म्हणूनच ते लोळ इतके सावकाश सरकत होते, की लोकांना खिशातून मोबाइल काढून चित्रण करायला सवड मिळाली.