माळवदावरचा बटाट्याचा कीस आणि तापल्या हवेचा इतिहास

१/ चैत्र-वैशाखात जालना जिल्ह्यातील माळवदांवर आणि गच्च्यांवर बटाट्याचा कीस, वेफर्स, साबुदाणा-बटाट्याच्या पापड्या पसरलेल्या दिसतात. ‘उन्हात वाळत घातले’ असे आपण म्हणतो. ऊन उष्णता पुरवते हे खरे. परंतु कापांतून निघालेली वाफ वाहून नेते ती कोरडी, खेळती हवा. कंद वाळवण्याचा इतिहास हा मुख्यतः या हवेवर ताबा मिळवण्याचा इतिहास आहे.

२/ हे कंद मुळात आपले नव्हेत. बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला. रताळे आणि ज्याच्या पिठुळातून साबुदाणा होतो तो कसावा, हेही अमेरिका खंडातलेच. ‘बटाटा’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. मूळ कॅरिबियन बेटांवर तो रताळ्याचे नाव होता. १९व्या शतकात पुणे जिल्ह्याच्या जुन्नर-खेड भागात बटाट्याची शेती चांगलीच रुजलेली होती.

३/ अँडीजमधील लोक बटाटा वाळवत, तो थंडीच्या जोरावर. रात्री कंद गोठू द्यायचे, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचे, दिवसा उन्हात सुकवायचे. या ‘चुन्यो’ने इंका राज्याची कोठारे भरलेली असत.

४/ जालन्यात तशी थंडी नाही. मात्र उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची हवा अतिशय कोरडी असते. ताज्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणून तो किसायचा: जितका काप पातळ, तितका पाण्याचा बाहेर येण्याचा मार्ग छोटा.

५/ किसण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे उकळत्या पाण्यातून काढणे. चिरलेला बटाटा काळा पडतो तो त्यातील विकरामुळे. उकळीने ते विकर निष्क्रिय होते आणि पिष्ट फुलते. पाण्यात तुरटी फिरवण्याची रीतही रंग राखण्यासाठीच.

६/ युरोप-अमेरिकेत या कामाला वेग दिला युद्धांनी. क्रिमियाचे युद्ध (१८५३-५६) आणि अमेरिकेचे यादवी युद्ध (१८६१-६५) यांत सैन्याला वाळवलेल्या, दाबून वड्या केलेल्या भाज्या पुरवल्या गेल्या. अमेरिकी सैनिक त्यांची मनसोक्त टिंगल करीत. दुसऱ्या महायुद्धात तर वाळवलेल्या बटाट्याचे प्रचंड उत्पादन झाले.

७/ कारखान्यात कापांच्या तबकांनी भरलेले गाडे लांब बोगद्यातून सरकतात आणि पंखे त्यांवर तापलेली हवा सोडतात. येथे उष्णतेचे गणित नाजूक असते. घाई केली तर वरचा थर कडक होतो, ओल आत कोंडते आणि माल पुढे बुरसतो.

८/ आता दोन्ही कामे शेजारी ठेवून पाहा. पातळ काप, उकळी, विरळ पसरण, अधूनमधून उलटणे: कारखान्याचे हे सारे टप्पे माळवदावरही आहेत. उणे आहे ते एकच, हवेवरचे नियंत्रण. एक अवकाळी सर आली की दिवसभराची मेहनत मातीमोल होते.

९/ ही उणीव भरण्याचा एक प्रयत्न आपल्याच मातीत झाला. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची (स्थापना १९३३) मराठवाडा शाखा २०१८ मध्ये जालन्यात सुरू झाली. याच मुंबईच्या संस्थेत शिकलेल्या तरुणांनी ‘एस फॉर एस टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी उभारली. तिच्या सौर वाळवणयंत्रावर खेड्यांतील स्त्रिया कांदा, आले यांसारखा माल वाळवून विकतात. २०२३ मध्ये या कंपनीस ‘अर्थशॉट’ पुरस्कार मिळाला.

१०/ सैन्याच्या रसदीचे हिशेब दप्तरांत राहिले. माळवदावरचे ज्ञान मात्र आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे तोंडीच गेले. त्याला ना मजुरी मिळाली, ना तंत्रज्ञानाचा मान. तेव्हा या उन्हाळ्यात घरच्या वाळवणाची रीत, तुरटीचे प्रमाण आणि उकळीचा वेळ विचारून लिहून ठेवा. इतिहासाचे साधन असेही जमते.