नाणं वर जाताना त्याला कोण ढकलतं?

एक रुपयाचं नाणं घ्या आणि सरळ वर उडवा. ते हातातून सुटलंय, अजून वर चाललंय, सगळ्यात उंच बिंदू यायचाय. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं काम करताहेत? हवेचा विरोध विचारात घेऊ नका. पुढे वाचण्याआधी उत्तर मनात पक्कं करा.

अकरावीत हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा मी फळ्यावर दोन बाण काढले. खाली जाणारा गुरुत्वाकर्षणाचा, वर जाणारा हाताने दिलेल्या बलाचा. वरचा बाण मोठा म्हणून नाणं वर जातं, ते बल हळूहळू संपतं आणि मग नाणं खाली येतं. वर्ग हसला. सरांनी वरचा बाण डस्टरने पुसला, पण का पुसला ते काही सांगितलं नाही. न्यूटनचे तिन्ही नियम मला तोंडपाठ होते, तरी त्या दिवशी मी ठरवून टाकलं की फिजिक्स आपल्या डोक्याचं नाही. तो पुसलेला बाण माझ्याआधी कोणाकोणाच्या डोक्यात होता, हे कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करू. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या या माणसाचं म्हणणं साधं होतं. आपोआप खाली पडणाऱ्या दगडाची गोष्ट वेगळी, पण एरवी एखादी वस्तू हलत असेल, तर तिला हलवणारं कुणीतरी हवं. बैल थांबले की गाडी थांबते, हे कुणीही बघू शकतं. अडचण फेकलेल्या दगडाची होती. हात तर मागेच राहिला, मग दगड पुढे का जातो? ॲरिस्टॉटलने उत्तर दिलं, की भोवतालची हवा त्याला ढकलत राहते.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात राहणाऱ्या फिलोपोनसला हे पटलं नाही. हवाच काम करत असेल, तर बाण धनुष्याला लावायचा कशाला? बाणाच्या मागे नुसती हवा हलवली तरी तो उडायला हवा. त्याचं उत्तर होतं, की फेकणारा वस्तूच्या आतच एक बल भरून देतो आणि ते संपेपर्यंत वस्तू चालते. म्हणजे माझा अकरावीतला बाण, अगदी तसाच.

चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या ज्यां ब्युरिडांने ही कल्पना आणखी घासूनपुसून घेतली. ॲरिस्टॉटलविरुद्ध त्याने साक्षीला काढला चक्क भोवरा. भोवरा जागा न सोडता फिरतो, मग मागून हवा येऊन त्याला ढकलणार कुठून? ब्युरिडांने या आतल्या शक्तीला ‘इम्पेटस’ म्हटलं. ती वस्तूतल्या द्रव्यावर आणि वेगावर अवलंबून असते, आणि अडथळा आला नाही तर आपोआप संपत नाही, असंही त्याने सांगितलं. आज आपण ज्याला संवेग म्हणतो त्याच्या जवळ तो पोचला होता. पण त्याच्या लेखी इम्पेटस हे अजूनही गती चालू ठेवणारं कारणच होतं. वरचा बाण काही पुसला गेला नव्हता.

आता गॅलिलिओ. पाठ्यपुस्तकातला गॅलिलिओ जन्मतःच बरोबर असतो. खरा गॅलिलिओ १५९०च्या सुमारास पिसा इथे शिकवत होता आणि गतीवर एक हस्तलिखित लिहीत होता. त्यात वर फेकलेल्या दगडाबद्दल तो म्हणतो, की हाताने दगडात भरलेलं बल कमी कमी होत जातं, शेवटी ते वजनाइतकं उरतं, आणि मग वजन वरचढ होऊन दगड खाली येतो. पंचविशीतल्या गॅलिलिओने माझेच दोन बाण काढले होते! ते हस्तलिखित त्याने कधीच छापलं नाही.

चूक तेवढ्यावर थांबली नाही. १६०४ साली पाओलो सार्पी या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. हेही चूक. वेग अंतराच्या नाही, वेळेच्या प्रमाणात वाढतो. गंमत म्हणजे त्याच पत्रात अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हा बरोबर नियम आहे. उत्तर बरोबर आणि रीत चूक, हा प्रकार परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला ओळखीचा असेल.

त्याने मोजमाप कसं केलं, हे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. सरळ खाली पडणारी वस्तू फार वेगाने जाते आणि लंबकाचं घड्याळ यायला १६५६ साल उजाडायचं होतं. म्हणून त्याने पडणं ‘स्लो मोशन’मध्ये आणलं. सुमारे बारा हात लांब, अर्धा हात रुंद आणि तीन बोटं जाड अशी लाकडी तुळई घेतली. तिच्यात बोटभर रुंदीची सरळ खाच पाडली, खाच गुळगुळीत करून आतून चर्मपत्र चिकटवलं. तुळई एका बाजूने उचलली आणि खाचेतून काशाची गोळी सोडली. वेळ मोजायला पाण्याचं मोठं भांडं, त्याला खाली बारीक नळी. गोळी सुटली की पाणी पेल्यात धरायचं, पोचली की थांबवायचं आणि तराजूत वजन करायचं. जितकं पाणी, तितकी वेळ. असं शंभर शंभर वेळा केल्याचं तो लिहितो.

विसाव्या शतकात अलेक्झांडर कोयरे या मोठ्या इतिहासकाराने शंका काढली, की असल्या साधनांनी इतकी अचूकता येणंच शक्य नाही. मग थॉमस सेटल याने साध्या तुळईवर, पाण्याच्या घड्याळासह तो प्रयोग पुन्हा केला आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. आकडे जुळले. समान वेळांत गोळी कापते ती अंतरं १, ३, ५, ७ अशीच वाढतात.

याच उतारांवर मोठा प्रश्न उलटा झाला. एका उतारावरून आलेली गोळी समोरच्या चढावर जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. चढ कमी केला, तर तीच उंची गाठायला जास्त लांब जाते. मग चढच नसेल तर? ती थांबावी तरी कशासाठी? दोन हजार वर्षं लोक विचारत होते की वस्तू चालत का राहते. आता प्रश्न झाला, की ती थांबते का. गॅलिलिओचं हे सगळं लेखन १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन इथे छापून आलं, तेव्हा तो नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती. पुढे देकार्तने १६४४ मध्ये स्पष्ट केलं, की अडवलं नाही तर वस्तू सरळ रेषेत जात राहते.

आणि न्यूटन? १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त, प्रसिद्ध तीन नियमांच्या आधी, काही व्याख्या आहेत. वस्तूच्या जडत्वाला तिथेही तो वस्तूतलं अंगभूत ‘बल’च म्हणतो. जुना शब्द त्यालाही सोडवत नव्हता. पण चौथ्या व्याख्येत तो बजावतो, की बाहेरून लावलेलं बल म्हणजे फक्त ती क्रिया, आणि क्रिया संपल्यावर ते वस्तूत उरत नाही. माझ्या फळ्यावरचा बाण खरा पुसला गेला तो इथे. हाताने नाण्याला वेग दिला. तो वेग नाण्याकडे आहे, बल नाही. हात सुटल्यापासून नाण्यावर एकच बल आहे, खाली ओढणारं. वर जातानाही.

१९८२ साली अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी हाच नाण्याचा प्रश्न इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना विचारून अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांनी वरचा बाण काढला होता. पुढे हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी अशाच साध्या प्रश्नांची चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंय तशी लिहू, की मला वाटतं तशी? तिच्या प्रश्नात माझी अख्खी अकरावी होती. सूत्रं एका कप्प्यात आणि जग दुसऱ्या कप्प्यात.

यांत्रिकी शिकणं म्हणूनच नुसतं नवं भरणं नाही, तर आधीचं उपसणंही आहे. घर्षणाने भरलेल्या जगात लहानाचे मोठे झालेल्या प्रत्येकाचा पहिला अंदाज ॲरिस्टॉटलचाच असणार, दुसरा ब्युरिडांचा. ते मूर्खपणाचं लक्षण नाही. फळ्यावरून बाण पुसणं सोपं असतं. तो तिथे का आला होता, हे विचारलं तरच तो डोक्यातून पुसला जातो.

आता एक करून बघा. ‘फायफॉक्स’सारखं एखादं मोफत ॲप घ्या आणि गुरुत्वासह त्वरण मोजणारा पर्याय सुरू करा. हातात स्थिर धरलेला फोन ९.८च्या आसपास आकडा दाखवेल. हा सेन्सर गुरुत्व नाही, तर गुरुत्वाखेरीज फोनला मिळणारा रेटा मोजतो. सध्या तो रेटा तुमच्या तळहाताचा आहे. आता गादीच्या वर, गरगर न फिरवता, फोन हलकेच उडवा आणि झेला. नंतर आलेख बघा. हात ढकलत होता तोवर आकडा चढलेला दिसेल. हात सुटला, की जवळपास शून्य, आणि झेलेपर्यंत शून्यच. वर जातानाही.

एवढं बघायला माणसाला दोन हजार वर्षं लागली. तुम्हाला एक आठवडा लागला, तर बिघडलं कुठे?