कृष्णा खोरे : महापूर आणि दुष्काळ यांचा इतिहास

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडास कोयनेला, सांगलीजवळ हरिपुरास वारणेला आणि नृसिंहवाडीस पंचगंगेला पोटाशी घेत पूर्वेकडे वाहते. उगमाच्या परिसरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच खोऱ्यातील जत, आटपाडी या तालुक्यांच्या वाट्याला मात्र जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. ही विषम वाटणी निसर्गाची आहे. परंतु तिचे रूपांतर आपत्तीत होऊ द्यायचे की नाही, हे पुष्कळसे माणसाच्या हाती असते, असे या खोऱ्याचा इतिहास सांगतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी आधी शेतात मुरवावे व मग ते ओढ्यानाल्यांस मिळावे, अशी सूचना सरकारास केली होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. कोल्हापूरचे नाव मिळालेला बंधारा तर या प्रदेशाच्या शहाणपणाची खूणच होय. पावसाळ्यात बरगे काढून पुराला वाट द्यायची आणि पाऊस ओसरताच बरगे घालून पाणी अडवायचे, या साध्या रचनेत पूर आणि टंचाई या दोहोंचेही भान आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात सुमारे १०५ टीएमसी क्षमतेचे कोयना धरण उभे राहिले. १९७२ च्या भीषण दुष्काळात हजारो हातांनी पाझर तलाव व नालाबांध उभारले. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी व तांदूळवाडी येथील ग्रामस्थांनी बळीराजा धरण बांधले आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा, हे तत्त्व पुढे मांडले. ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा योजनांनी पुढे कृष्णेचे पाणी दुष्काळी पठारापर्यंत पोहोचविले.

तरीही दोन्ही संकटे टळली नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अवघ्या तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. २००५ चा पूर अनुभवलेल्या गणपती पेठ, मारुती रोड परिसरातील दुकानांत पुन्हा पाणी शिरले. ब्रह्मनाळ येथे नाव उलटून निरपराध जीव गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जत तालुक्यातील गावे टँकरची वाट पाहत होती. २०२१ मध्ये महापूर पुन्हा आला.

अतिवृष्टी हे महापुराचे मुख्य कारण खरेच. पण नदीला पसरण्यासाठी असलेली सखल जमीन बांधकामांनी व भरावांनी व्यापली, ओढे बुजले, तेव्हा पाण्याने आपली जागा घराघरांत शोधली. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीनेही अतिक्रमणांकडे लक्ष वेधले.

१९९० च्या दशकात युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय जलविज्ञान कार्यक्रमाने परिसंस्था-जलविज्ञान या विचाराला चालना दिली. जंगल, माती, गवत, पाणथळ जागा आणि नदी यांचा एकत्र विचार केल्यास पुराचा वेग मंदावतो आणि भूजलाची शिल्लक वाढते, हे त्याचे सार. अर्थात जतच्या नालाबांधाने सांगलीचा पूर अडणार नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर वनराई राखणे, नदीकाठी पूररेषेचा मान ठेवणे आणि पूर्वेकडील पठारावर थेंब न् थेंब मुरविणे, अशी तीन ठिकाणची तीन कर्तव्ये आहेत. यांपैकी एकही चुकले, तर त्याची किंमत उरलेल्या दोघांना मोजावी लागते.

धरणे व योजना शासन उभारील. परंतु ओढा बुजू न देणे, पात्रात भराव न टाकणे आणि विहिरीतील पाणी काटकसरीने उपसणे, हे काठावरच्या समाजाचेच काम आहे. कृष्णामाईने पिढ्यान्‌पिढ्या या प्रदेशाचे शेत आणि बाजारपेठ, दोन्ही पोसले. तिची वाट मोकळी ठेवणे, हीच तिच्या ऋणातून अंशतः उतराई होण्याची रीत ठरेल.