सहाशे साचे

1608 च्या डिसेंबरात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने गोव्याहून रोमला, संघाचे प्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा यांना, पत्र लिहिले. ते संपवता संपवता त्याने एक जुनी इच्छा बोलून दाखवली: मलबारात निघाली आहेत तशी इथल्या भाषेतली पुस्तके इथल्याच लिपीत छापावीत. अडचणही त्यानेच सांगितली. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते. इथले प्रत्येक अक्षर स्वरासकटचे, म्हणून साचे लागतील सहाशेच्या घरात.

हा आकडा हवेतला वाटत नाही. चौतीस व्यंजनांची नुसती बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर जाते. उरलेले जोडाक्षरांत सहज खपतात. 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरलेल्या या माणसाने बोटांवर हिशेब केला असावा.

साचे झाले नाहीत. 1616 मध्ये गोव्यातल्याच साष्टीतल्या रायतूरला स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन खिळ्यांनी. जवळपास 11,000 ओव्या, भाषा मराठी. सामान्यांना कळावी म्हणून तीत इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळल्याचे प्रस्तावनेतच म्हटले आहे. 1619 मध्ये स्टीफन्स वारला. पुढे 1649 आणि 1654 मध्येही आवृत्त्या निघाल्या, पण या तिन्हींपैकी छापील प्रत एकही हाती लागलेली नाही. भाविकांनी हातांनी नकला केल्या आणि त्यांत पुस्तकाची परवानगीपत्रेही उतरवून घेतली, म्हणून एवढे तरी कळते. नकलाकारांचे हे उपकार मोठे. अशाच रोमन हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला.

मग 1920 च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमध्ये, विल्यम मार्सडेनच्या संग्रहात, या पुराणाची नागरी पोथी सापडली आणि मूळ लिपीचा प्रश्न उभा राहिला. रोमन नकलांत जिथे पोर्तुगीज धर्मशब्द आहेत, तिथे या पोथीत संस्कृत शब्द येतात. मग स्टीफन्सने मुळात नागरीतच लिहिले आणि छापताना रोमन केले, असे म्हणावे काय? मोह होतो, आणि 1608 चे पत्र त्या मोहाला खतपाणी घालते.

पण पत्र नीट वाचावे. त्यात मागणी छपाईची आहे. आपण स्वतः कोणत्या लिपीत लिहितो याबद्दल या मागणीत काहीच नाही. पोर्तुगीज शब्द काढून संस्कृत घालणे हे नंतरच्या एखाद्या जाणत्या लेखनिकाचे कामही असू शकते. उलट, छापताना चर्चच्या रूढ शब्दांसाठी संस्कृत शब्द बदलले गेले असणेही तितकेच शक्य. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. ओवीचा तोल ज्याने इतका सांभाळला, त्याच्या कानाला तिच्यातले परके शब्द खटकले नसतील, हे मला पटत नाही. मात्र हा कल झाला. पुरावा म्हणून तो पत्रापुढे ठेवता येणार नाही.