मोठ्या आवाजाची किंमत : धातूच्या मेंडोलिनची गोष्ट

नादकाटा बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेत असतो. रबरी ठोकळ्यावर आपटून तो हातात धरला, तर कानाजवळ नेल्याशिवाय त्याचा आवाज फारसा ऐकू येत नाही. पण त्याचा दांडा टेबलावर टेकवला की आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. आपण सहसा प्रयोग इथेच थांबवतो. पुढच्या वेळी थोडा धीर धरा आणि घड्याळ लावा. हातातला नादकाटा बराच वेळ कंप पावत राहतो. टेबलावर टेकवलेला लवकर थंडावतो. असं का बरं होतं? टेबलानं नवी ऊर्जा आणलेली नसते. काट्याकडे होती तीच ऊर्जा मोठ्या पृष्ठभागामार्फत हवेला भराभर दिली गेली, म्हणून आवाज मोठा झाला आणि लवकर संपला.

एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली, तर एका विलक्षण वाद्याचा इतिहास सहज कळतो. हे वाद्य म्हणजे धातूच्या शरीराचं, पोटात ॲल्युमिनियमचा शंकू असलेलं रेझोनेटर मेंडोलिन.

ॲल्युमिनियमचं नाव निघालं, म्हणून आधी ओझरला जाऊ. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४ साली स्थापन झाला. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची लढाऊ विमानं तिथे बांधली गेली. तिथल्या मुलांना विचारलं, की विमानाला लोखंडी पत्रा का नाही वापरत, तर उत्तर येतं, "जड होईल ना!" उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. विमानाला हलकेपणा हवा तसा ताठपणाही हवा. नेमकी हीच दुहेरी गरज १९२० च्या दशकात काही वादकांपुढेही उभी होती.

तो काळ ध्वनिवर्धकाआधीचा. आपल्याकडे संगीत नाटकं जोरात होती आणि गायकनटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो केवळ गळ्याच्या ताकदीवर. साथीला ऑर्गन असे. त्याला पायानं हवा पुरवत राहता येते, त्यामुळे त्याचा सूर हवा तितका वेळ टिकतो. तारेच्या वाद्याचं तसं नाही. एकदा छेडली की तारेला मिळालेली ऊर्जा तेवढीच. अमेरिकेतल्या नृत्यगृहांत सॅक्सोफोन आणि ट्रंपेट यांच्या गर्दीत गिटार आणि मेंडोलिन ऐकूच येत नसत.

जॉर्ज बोशाँ या गिटारवादकानं हे गाऱ्हाणं लॉस एंजेलिसमधल्या जॉन डोपयेरा या वाद्य बनवणाऱ्या कारागिराकडे नेलं. डोपयेरा १८९३ साली आजच्या स्लोव्हाकियात जन्मला आणि लहानपणीच कॅलिफोर्नियात आला. आधी गिटारला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडून पाहिला. ते काही जमलं नाही. मग डोपयेरानं तारांच्या घोडीखाली पातळ ॲल्युमिनियमचे तीन शंकू बसवले. १९२७ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि त्यातूनच नॅशनल ही कंपनी उभी राहिली. पुढे एकाच शंकूची सोपी रचना आली. गिटारपाठोपाठ युकुलेले आणि मेंडोलिनही याच पद्धतीनं बनू लागली.

आता ॲल्युमिनियमच का, ते पाहू. शंकू हलका असला पाहिजे, नाहीतर बारीकशी तार त्याला हलवणार कशी? पण तो लुळा असूनही चालणार नाही. मधोमध ढकलला तर सगळाच्या सगळा हलला पाहिजे. पोलादाची घनता ७.८५ आणि ॲल्युमिनियमची २.७. म्हणजे सारख्याच आकाराच्या आणि सारख्याच वजनाच्या दोन चकत्या केल्या, तर ॲल्युमिनियमची चकती जवळजवळ २.९ पट जाड होईल. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, २.९ चा घन सुमारे २४. ॲल्युमिनियमची मूळ स्थितिस्थापकता मात्र पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आहे. २४ ला ३ नं भागा. सारख्या वजनात ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे आठपट ताठ! नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवण्याजोगं हे गणित आहे. त्याला शंकूचा आकार दिला की ताठपणा आणखी वाढतो. साधा कागद आणि कागदाचा पुडा यांत हाच फरक असतो. असे शंकू सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या पत्र्यापासून, तो फिरत्या साच्यावर दाबून घडवत.

हे आणखी पन्नास वर्षं आधी घडलं नसतं. तेव्हा ॲल्युमिनियम फार महाग होतं. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना माहीत नसताना, विजेच्या साहाय्यानं ते स्वस्तात मिळवण्याची पद्धत शोधली. हा धातू कारागिराच्या हाती आला तो त्यानंतर.

वाद्याचं शरीर मात्र ॲल्युमिनियमचं नव्हतं. महागड्या वाद्यांसाठी जर्मन सिल्व्हर वापरत. यात चांदी नसते. ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण आहे. आपल्याकडे 'जर्मनचं पातेलं' म्हटलं की ॲल्युमिनियमचं समजतात, त्यामुळे इथे घोटाळा होऊ शकतो. बाकीची वाद्यं पितळेच्या किंवा पोलादाच्या पत्र्याची असत. हे शरीर जड असतं आणि फारसं हलत नाही. हलायचं काम शंकूचं, धरून ठेवायचं काम शरीराचं.

'रेझोनेटर' हे नाव थोडं फसवं आहे. अनुनाद म्हणजे एखाद्या ठरावीक वारंवारतेलाच जोरदार प्रतिसाद मिळणं. असं झालं तर एकच सूर ओरडेल आणि बाकीचे दबतील. चांगल्या शंकूला सगळ्याच सुरांना बऱ्यापैकी सारखा प्रतिसाद द्यायचा असतो. तो लाउडस्पीकरच्या पडद्यासारखा काम करतो. फक्त त्याला विजेऐवजी तार हलवते.

आता वादकाकडे येऊ. मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात, व्हायोलिनसारख्याच मिळवलेल्या. तारा आखूड आणि सूर उंच, त्यामुळे नाद आधीच कमी टिकतो. शंकूमुळे तो आणखी लवकर सरतो. लांब सूर हवा असेल तर नखीनं तारेवर झपाझप वरखाली आघात करत राहावं लागतं. याला ट्रेमोलो म्हणतात. ऑर्गनवाला पायानं करतो ते मेंडोलिनवाला मनगटानं करतो, ऊर्जा पुन्हा पुन्हा पुरवतो.

असं वाद्य निवडताना प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर हळू आणि जोरात वाजवून पाहावी. एखाद्याच सुराला खरखर आली, तर शंकू कडेवर सगळीकडे नीट टेकलेला नाही, त्याला पोचा आहे किंवा वरच्या जाळीचा स्क्रू सैल आहे, अशी शंका घ्यावी. घोडी शंकूच्या माथ्यावरच्या लाकडी चकतीत बसवलेली असते. वाजवताना तिच्यावर हाताचा भार टाकू नये. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नयेत, एकेक बदलावी, कारण शंकू जागेवर राहतो तो तारांच्या दाबामुळेच. आणि वाद्य नुसतं मोठं वाजतं म्हणून घेऊ नये. सूर किती वेळ टिकतो तेही मोजावं.

या वाद्याचं वैभव पंधरा वर्षंही टिकलं नाही. गंमत म्हणजे ते ज्याच्या गरजेतून जन्मलं, त्याच बोशाँनं १९३१ च्या सुमारास विजेवर चालणारी गिटार तयार केली. तिचं शरीर ओतीव ॲल्युमिनियमचं आणि आकार तव्यासारखा, म्हणून तिला 'तळणीचा तवा' असं नाव पडलं. आता ऊर्जा तारेकडून उसनी घ्यायची गरज उरली नाही. ती विजेकडून मिळू लागली. पुढे दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळलं आणि शंकूची वाद्यं बंद पडली.

आपल्याकडे १९३१-३२ पासून बोलपट आले आणि त्यांच्याबरोबर मायक्रोफोनही. सज्जाद हुसेन यांच्यासारख्या संगीतकारानं मेंडोलिनवर राग उभे केले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर लहानपणापासून मेंडोलिन वाजवत. मायक्रोफोन जवळ असताना मोठ्या आवाजापेक्षा नाजूक मींड मोलाची ठरते.

तरीही १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शंकूची वाद्यं पुन्हा बनू लागली. मोठ्या आवाजासाठी त्यांची गरज कुणालाच नव्हती. लोकांना हवा होता तो त्यांचा खणखणीत, झटकन उमटून झटकन विरणारा नाद. जी गोष्ट किंमत म्हणून मोजली होती, तीच आता आवडीची झाली होती.

याच्या अगदी उलट टोकाला आपला मिरजेचा तंबोरा आहे. त्याला भोपळा, लांब तारा आणि जवारी असते, आणि एकदा छेडलेला सूर रेंगाळत राहतो. तंबोऱ्याच्या घोडीखाली ॲल्युमिनियमचा शंकू बसवला तर काय होईल? हा प्रश्न वर्गात विचारा. उत्तर देण्याआधी मुलांना नादकाटा, घड्याळ आणि घरचं एक जर्मनचं पातेलं द्या. पातेलं पालथं घालून त्यावर नादकाटा टेकवायचा आणि सेकंद मोजायचे. मग टेबलावर, उशीवर, वहीच्या पुठ्ठ्यावर. कुठे आवाज मोठा आणि कुठे तो जास्त टिकला, याचा तक्ता झाला की तंबोऱ्याचं काय होईल ते मुलंच सांगतील.